नळी, दट्ट्या आणि दाबलेली हवा

रायपूरची पंडरी म्हटली की आधी आठवतो तो कापडाचा ठोक बाजार. जगदलपूरच्या बसगाड्याही वर्षानुवर्षं इथूनच सुटायच्या. बसस्थानक आता भाठागावला गेलं. तरी बस्तर पंडरीतून गेलेलं नाही. इथल्या छत्तीसगड हाटमध्ये हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. ढोकरा कामाच्या मूर्ती, ठोकून घडवलेले लोखंडी दिवे, बांबूच्या वस्तू बघायला रायपूरची मराठी घरंही जातात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या शहरात आहे, त्यामुळे बस्तरची कला त्यालाही परकी राहिलेली नाही.

बस्तरच्या बांबूकामात एक वस्तू मात्र दिवाणखान्यात मांडून ठेवायची नाही. ती हातात घ्यायची, तिच्यात हिरवं फळ भरायचं आणि दट्ट्या दाबून आवाज काढायचा. तिचं नाव तुपकी. प्लास्टिकचे पाइप जोडून घरच्या घरी बटाट्याची तोफ करणारे हौशी लोक जगभर आहेत. आपल्याकडेही मोबाइलवर असले व्हिडिओ बघून पाइप कापायला बसणारी मुलं कमी नाहीत. त्या सगळ्यांनी आधी तुपकी हातात घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. बटाट्याच्या तोफेत शिकण्यासारखं जे काही आहे ते तुपकीत आहे, आणि तोफेच्या ज्या प्रकारानं मुलांचे डोळे गेले ते तुपकीत नाही. हा फरक नशिबाचा नाही. शक्ती कुठून येते आणि तिला आवर कोण घालतो, यावर तो ठरतो.

गोंचातली सलामी

रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवर जगदलपूर. आषाढ शुद्ध द्वितीयेला तिथे जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांचे रथ निघतात. या उत्सवाला गोंचा म्हणतात. परंपरा अशी सांगते की बस्तरचा राजा पुरुषोत्तमदेव पुरीला गेला, तिथे त्याला ‘रथपती’ ही पदवी आणि सोळा चाकांच्या रथाचा मान मिळाला, आणि परतल्यावर त्यानं आपल्या राज्यात रथयात्रा सुरू केली. ही प्रथा ६०० वर्षांहून जुनी मानली जाते. पूजाअर्चेची व्यवस्था ३६० घर आरण्यक ब्राह्मण समाजाकडे आहे. रथ सिरहासारपर्यंत येतात, देव तिथल्या जनकपुरीत मुक्काम करतात आणि मग बाहुडा गोंचाला परततात.

पुरीच्या रथयात्रेत नाही ते इथे आहे. रथ हलला की चारी बाजूंनी फटाफट आवाज सुरू होतात. आबालवृद्धांच्या हातात तुपक्या असतात आणि त्यांतून देवाला सलामी दिली जाते. आसपासच्या गावांतले आदिवासी कारागीर उत्सवाच्या आधी जंगलातून पोकळ बांबू आणतात, तुपक्या घडवतात, शिंदीच्या पानांनी आणि रंगीत कागदांनी सजवतात आणि जगदलपूरच्या रस्त्यांवर विकायला बसतात. शेजारी गोळ्यांचे घोसही मांडलेले असतात. या गोळ्या म्हणजे मालकांगोणीच्या वेलाची वाटाण्याएवढी हिरवी फळं. बस्तरमध्ये त्यांना पेंग म्हणतात. आषाढात ही फळं कोवळी, टणक आणि रसदार असतात. उत्सवाचा महिना आणि दारूगोळ्याचा हंगाम असा जुळून आला आहे.

महाराष्ट्राला हा खेळ अगदीच अनोळखी नाही. कोकणात पावसाळ्यात मुलं बांबूच्या नळीत रानातली हिरवी फळं ठासून उडवत आली आहेत. बस्तरनं त्या खेळाला देवाच्या रथापुढे मानाची जागा दिली, हे बस्तरचं वेगळेपण.

नळीत काय घडतं

तुपकी हातात घेऊन नीट बघितली तर तिचे दोनच भाग दिसतात. एक, दोन्ही टोकांना उघडी असलेली बांबूची सरळ नळी. दुसरा, मुठीच्या बाजूला जाड आणि पुढे बारीक असलेला दट्ट्या. दट्ट्याची बारीक काडी नळीपेक्षा किंचित आखूड ठेवलेली असते, आणि सगळी मेख त्या किंचित आखूडपणात आहे.

पहिलं फळ मागून घालून दट्ट्यानं पुढे ढकलायचं. काडी नळीच्या तोंडापर्यंत पोचत नाही, म्हणून फळ तोंडाशी जाऊन अडकून बसतं आणि नळीला बूच लागतं. मग दुसरं फळ मागून घालायचं आणि दट्ट्या जोरात दाबायचा. आता दोन फळांच्या मध्ये हवा कोंडली गेली आहे. मागचं फळ पुढे सरकतं तशी तिची जागा कमी होत जाते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली मांडलेला नियम इथे लागू पडतो : तापमान तेच ठेवून हवेचं आकारमान निम्मं केलं तर दाब दुप्पट होतो, एक तृतीयांश केलं तर तिप्पट. एका क्षणी हा दाब पुढच्या फळाच्या घट्टपणावर मात करतो. बूच सुटतं, फळ उडतं आणि कोंडलेली हवा एकदम बाहेर पसरते. आपल्याला ऐकू येतो तो आवाज त्या पसरणाऱ्या हवेचा.

आणि मागचं फळ? ते आता पुढे येऊन तोंडाशी बसलेलं असतं, पुढच्या बारासाठी बूच म्हणून तयार. दर वेळी एकच नवं फळ घालायचं. कारखाना नाही, आराखडा नाही, मोजपट्टी नाही. नळीचं भोक आणि फळाचा आकार यांचा मेळ कारागिराच्या बोटांना कळतो. फळ सैल बसलं तर हवा निसटते आणि फुसका बार होतो. फार घट्ट बसलं तर दट्ट्या मोडतो. रसाळ फळ नळीत दाबलं की बाजूनं थोडं चेपतं, भिंतीला चिकटून बसतं आणि त्याच्याच रसानं सरकतंही. हवाबंद बूच आणि वंगण अशी दोन्ही कामं एका फळानं होतात.

बटाटाच का

बटाट्याची निवडही याच कारणानं झाली. बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं, उरलेला बहुतेक भाग स्टार्च. कच्चा बटाटा टणक असतो, पण धारदार कडेनं सुबक कापला जातो. नळीची कड घासून धार केली आणि तिच्यावर बटाटा दाबला की नळीच्या मापाचं बूच आपोआप कापून निघतं. फळ शोधत फिरायला नको, माप घ्यायला नको. युरोपातली मुलं पूर्वी पिसाच्या पोकळ दांडीनं बटाट्याची चकती टोचून अशी छोटी बंदूक करत. पुढे त्याच कल्पनेवर खेळण्यातलं पिस्तूल आलं. त्याचं टोक बटाट्यात खुपसायचं आणि चाप ओढायचा.

मोठ्या तोफांची गोष्ट थेट युद्धापर्यंत जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनकडे व्यापारी जहाजांवर बसवायला विमानविरोधी तोफा पुरेशा नव्हत्या. कॉर्नवॉलमधल्या कॅम्बोर्न गावी खाणकामाची यंत्रं बनवणाऱ्या होल्मन ब्रदर्स या कंपनीनं दाबलेल्या हवेवर चालणारी एक नळी तयार केली. पुढे ती जहाजाच्या बॉयलरमधल्या वाफेवरही चालू लागली. तिच्यातून हातबॉम्ब वर फेकले जात. शत्रू समोर नसताना खलाशी तिच्यातून बटाटे उडवून शेजारच्या जहाजांशी खेळत. हौशी बटाटातोफेचं हे बहुधा सगळ्यात प्रसिद्ध पूर्वरूप.

युद्धानंतर नळकामाचे प्लास्टिक पाइप स्वस्त झाले आणि अमेरिकेत ही हौस अंगणाअंगणांत पोचली. विल्यम गर्स्टेल या अभियंत्यानं २००१ साली काढलेल्या ‘बॅकयार्ड बॅलिस्टिक्स’ या पुस्तकानं तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. डेलावेअर राज्यात १९८६ पासून भोपळे फेकण्याची स्पर्धा सुरू झाली. त्यात दाबलेल्या हवेच्या अजस्र तोफा उतरू लागल्या. ‘बिग टेन इंच’ नावाच्या अशाच एका तोफेनं २०१० मध्ये युटा राज्यातल्या मोआबजवळ भोपळा सुमारे १,६९० मीटर लांब फेकला. दीड किलोमीटरहून जास्त!

या लोकांना त्यात काय मिळतं, हे समजून घेतलं पाहिजे. पाइपची लांबी वाढवली तर बटाटा लांब जातो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे हवेचा दाब संपतो आणि नळीचं घर्षण बटाट्याला उलट अडवू लागतं. झडप किती झटकन उघडते यावर वेग ठरतो. नळी ४५ अंशांवर धरली तर पल्ला सगळ्यात लांब, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे कोन थोडा कमी ठेवावा लागतो. वर्गात फळ्यावर कोरडी वाटणारी ही भौतिकी हातानं जोडलेल्या नळीतून बाहेर पडताना दिसते, तेव्हा ती कायमची कळते. ही हौस खुळ्यांची नाही. स्वतःच्या हातानं काहीतरी घडवून निसर्गाचा नियम कामाला लावण्यात जो आनंद आहे, तो प्रत्येक मुलाला मिळायला हवा.

पाइप पाण्यासाठी असतो, हवेसाठी नाही

इथे पहिला धोका येतो आणि तो चांगल्या हौशी लोकांनाही पुष्कळदा उशिरा कळतो. पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. म्हणून पाइप फुटला की पाणी गळतं आणि दाब क्षणात संपतो. हवा मात्र आकसते, शक्ती साठवून ठेवते आणि पाइप फुटताच ती सगळी बाहेर काढते. वर पीव्हीसी हे ठिसूळ प्लास्टिक. उन्हानं, थंडीनं ते आणखी ठिसूळ होतं आणि फुटताना त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात. अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेनं १९८८ सालीच इशारा दिला होता की उघड्यावर बसवलेले पीव्हीसी पाइप दाबलेल्या हवेसाठी वापरू नयेत.

दुसरा धोका याहून कितीतरी मोठा आहे. हवा दाबण्याची मेहनत टाळून नळीत ज्वलनशील वायू भरायचा आणि ठिणगी द्यायची, हा दुसरा मार्ग. अमेरिकेत त्यासाठी केसांवर मारायचा फवारा वापरला गेला. आपल्याकडे वापरलं गेलं कार्बाइड.

चिमूटभर कार्बाइड

कॅल्शियम कार्बाइड हा राखाडी दगडासारखा पदार्थ. १८९२ साली थॉमस विल्सन या संशोधकाला अमेरिकेत विजेच्या भट्टीतून तो मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत सापडली आणि जगभर त्याचे दिवे लागले. आजही वेल्डिंगसाठी लागणारा वायू त्यापासून करतात. आंबे-केळी पिकवायला त्याचा वापर करण्यावर आपल्याकडे बंदी आहे. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि मागे चुना उरतो. बाजारातल्या कार्बाइडमध्ये मिसळलेल्या अशुद्ध घटकांमुळे त्या वायूला लसणासारखा उग्र वास येतो.

हा वायू पेटायला अतिशय उतावळा असतो. घरातल्या सिलिंडरचा गॅस हवेत साधारण २ ते १० टक्के असेल तरच पेट घेतो. त्याहून कमी किंवा जास्त असला तर पेटत नाही. ॲसिटिलीन मात्र अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ कुठल्याही मिश्रणात पेटतो. त्याला लागणारी ठिणगीही अगदी क्षुल्लक असते. म्हणून कार्बाइडच्या नळीत ‘पेटलं नाही, म्हणजे गेलं वाया’ असं कधीच नसतं. वायू सुटतच असतो, हवेत मिसळतच असतो.

२०२५ च्या दिवाळीत हेच घडलं. भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर या मध्य प्रदेशातल्या शहरांत पाइप आणि गॅस लायटर जोडून केलेल्या ‘कार्बाइड गन’ दीड-दोनशे रुपयांत रस्त्यावर विकल्या गेल्या. मुलांनी त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर बघितलेले होते. चाप दाबला, आवाज झाला नाही, म्हणून मुलं नळीच्या तोंडात बघू लागली; आणि त्याच क्षणी आतला वायू पेटला. दिवाळीच्या त्या दिवसांत शंभराहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. १४ मुलांची दृष्टी गेल्याच्या बातम्या आल्या. सरकारनं बंदी घातली, दुकानदारांवर कारवाई झाली. डोळे मात्र परत आले नाहीत.

इजा फक्त भडक्याची नसते. स्फोटाबरोबर नळीतला ओला चुनाही डोळ्यात जातो. चुना हा तीव्र अल्कली. आम्ल डोळ्याच्या वरच्या थराला गोठवतं आणि पुष्कळदा तिथेच थांबतं. अल्कली पेशी विरघळवत आत आत उतरत जातं. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब डोळ्यात फुटल्यानं मुलांचं बुबुळ पांढरं पडल्याच्या घटना नेत्रतज्ज्ञांना चांगल्या माहीत आहेत. कार्बाइडच्या नळीत तोच चुना गरम होऊन, वेगानं येतो. असं काही झालंच तर डोळा चोळायचा नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान १५-२० मिनिटं डोळा सतत धुवायचा आणि तडक नेत्ररुग्णालय गाठायचं.

हाताचा हिशेब आणि वायूचा हिशेब

तुपकी आणि कार्बाइडची नळी या दोन्हींत नळी आहे, बूच आहे, आवाज आहे. फरक किती, तो आकड्यांनी बघू.

एक सेंटिमीटर भोकाची आणि २५ सेंटिमीटर लांबीची तुपकी घेतली तर तिच्यात साधारण २० घनसेंटिमीटर हवा मावते. ती तिपटीनं दाबली गेली असं धरलं, तर हाताला करावं लागणारं काम जेमतेम १ ज्यूल भरतं. ही शक्ती पेंग अंगाला लागला तर चटका देईल, इतकीच. (डोळ्याला मात्र तोही लागू नये. गोंचातही तुपकी वर धरून वाजवावी, तोंडावर रोखू नये.)

आता एक लिटरची बंद जागा घ्या आणि तिच्यात ॲसिटिलीन व हवेचं पूर्ण जळणारं मिश्रण आहे असं समजा. ते पेटलं तर सुमारे ४,००० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. चाळीस किलोचं धान्याचं पोतं जमिनीवरून तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर न्यायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी, आणि तीही डोळ्याची पापणी मिटायच्या आत. सगळी काही बटाटा उडवण्यात जात नाही. उष्णतेत, आवाजात आणि पाइप फोडण्यातही जाते. पण एकाच्या जागी चार हजार, हे प्रमाण लक्षात ठेवावं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुपकीत जास्तीत जास्त शक्ती किती, हे दट्ट्या दाबणारा हात ठरवतो. मूल दहा वर्षांचं असेल तर दहा वर्षांच्या मुलाची ताकद, त्याहून कणभर जास्त नाही. दट्ट्या सोडला की शक्ती संपली. नळीत काही शिल्लक राहत नाही, उशिरा काही फुटत नाही. कार्बाइडच्या नळीत मात्र चिमूट आणि मूठ यांतला फरक मुलाच्या लक्षातही येत नाही, आणि दोन्हींचा चाप सारख्याच हलक्या बोटानं दाबला जातो. केलेली मेहनत आणि मिळालेलं फळ यांचं नातं तिथे तुटतं. म्हणून ते खेळणं राहत नाही.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकानं किंवा इतर कुठल्याही ऊर्जेनं अस्त्र फेकणारं हत्यार येतं. परवान्याशिवाय अशी हत्यारं घडवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. कार्बाइड बाळगण्यावर १९८७ च्या नियमांचं बंधन आहे. प्राणी पळवायला शेतात अशा नळ्या वापरणाऱ्या शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. वानरं आणि रानडुकरं उभं पीक ओरबाडून नेतात आणि पाइपचा आवाज हा स्वस्त उपाय वाटतो. ज्याच्या शेताचं नुकसान होतं त्याला भरपाई आणि कुंपणाची मदत वेळेवर मिळाली पाहिजे. तो प्रश्न तसाच ठेवून केवळ नळ्या जप्त केल्या तर त्या पुढच्या हंगामात पुन्हा तयार होतील. शिवाय शेतात मोठ्यानं वापरलेली नळीच घरात मुलाच्या हाती लागते.

इतर देशांनीही हा प्रश्न आपापल्या परीनं हाताळला आहे. नेदरलँड्समध्ये वर्षअखेरीला दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये कार्बाइड पेटवून बार काढण्याची जुनी प्रथा आहे. ती देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे, पण गावोगावी तिला जागेचे, वेळेचे आणि वयाचे निर्बंध आहेत. फिलिपिन्समध्ये ‘बोगा’ नावाच्या पाइपच्या तोफेनं मुलं जखमी होऊ लागली, तेव्हा तिच्यावर सरळ बंदी आली.

हौस कुठे न्यावी

बंदी आवश्यक आहे, पण ती अर्धंच काम करते. मुलाला नळीतून काहीतरी उडवायचं असतं, आवाज काढायचा असतो, मित्रापेक्षा लांब फेकायचं असतं. ही ओढ दडपली तर ती रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे जाते. तिला शाळेत जागा दिली तर तिचं विज्ञान होतं.

पुण्याच्या आयुका संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिची वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या नावाची आठवण ठेवून ‘पुलस्त्य’ म्हणून ओळखली जाते. अरविंद गुप्ता यांनी तिथे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्ट्रॉ, काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा एवढ्या सामानात भौतिकीचा पूर्ण धडा मावतो, हे त्यांनी दाखवून दिलं. तुपकी याच परंपरेतली आहे, फक्त ती कितीतरी आधीपासून बस्तरच्या जंगलात तयार होत आली आहे.

म्हणून माझं मागणं रायपूरच्या आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकांकडे आहे. आषाढात जगदलपूरहून तुपक्या मागवा. बस्तरच्या कारागिराकडून त्या विकत घेऊन त्याला त्याच्या हुन्नराचे पैसे द्या. पेंग मिळाला नाही तर बटाट्याची चकती घ्या आणि नळीच्या कडेनं बूच कापा. मुलांना मैदानावर रांगेत उभं करा, डोळ्यांवर चष्मे द्या, कुणीही कुणावर रोखायचं नाही हा नियम आधी सांगा. मग त्यांना शोधू द्या की नळी लांब केली तर काय होतं, बूच सैल बसलं तर काय होतं, कोन बदलला तर बटाटा कुठे पडतो. आकडे त्यांनाच वहीत लिहू द्या, आलेख त्यांनाच काढू द्या. बॉइलचा नियम त्यानंतर फळ्यावर लिहा.

ज्या मुलानं स्वतःच्या हाताच्या जोरावर बटाटा मैदानाच्या पलीकडे फेकला आणि तो का गेला हे समजून घेतलं, त्याला दिवाळीत रस्त्यावरच्या पाइपमध्ये नेमकं काय भरलं आहे हा प्रश्न आपोआप पडेल. तो प्रश्न विचारणारी मुलं तयार करणं आपल्या हातात आहे, आणि त्याला लागणारं सामान एक बांबू आणि एक बटाटा, एवढंच आहे.